‘फुंक मार’ म्हणण्याआधी

“प्यायला नाहीस ना? मग घाबरतोस कशाला?” दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांविरुद्धच्या मोहिमेबद्दल कुणी जराशी शंका काढली की गोव्यात हे वाक्य ठरलेले. तिंट्यावर ऐका, कदंब बसमध्ये ऐका, वर्तमानपत्रांतल्या वाचकांच्या पत्रांत वाचा. वाक्य ऐकायला सणसणीत आहे, त्यात सज्जनपणाचा आव आहे, आणि ते साफ चुकीचे आहे. पोलिसांनी मला कोणत्या अधिकाराने थांबवले असे विचारणे म्हणजे दारुड्याची वकिली नव्हे. उलट हा प्रश्न कुणी विचारत नाही म्हणूनच खरा दारुडा सुटतो आणि बाकीच्यांना ताप होतो, असे माझे म्हणणे आहे. ते जरा सविस्तर मांडतो.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. दारू पिऊन गाडी चालवणारा माणूस दुसऱ्याच्या जिवावर उठलेला असतो. ऑगस्ट २०२३ मध्ये बाणस्तारी पुलावर एका आलिशान गाडीने समोरून येणारी वाहने उडवली आणि तीन माणसे गेली. चालक दारूच्या अमलाखाली होता असा आरोप झाला आणि अख्खा गोवा हळहळला, संतापला. तो संताप खराच होता. अशा माणसाला दयामाया दाखवा असे मी म्हणत नाही. त्याला शिक्षा होईल अशा रीतीने पकडा, एवढेच म्हणतो. आणि ती रीत कायद्यात लिहिलेली आहे.

काय लिहिले आहे? मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम १८५ प्रमाणे चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असले तर तो गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पंधरा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आपली मर्यादा जगातल्या कडक मर्यादांपैकी आहे. इंग्लंडमध्ये ती ८० आहे, अमेरिकेच्या बहुतेक राज्यांतही तेवढीच. रिकाम्या पोटी बीअरची एक मोठी बाटली घेतली तरी आपल्याकडे बऱ्याच जणांचा आकडा ३० ओलांडेल. मर्यादा कडक आहे याबद्दल माझी तक्रार नाही, ती असावीच. पण मर्यादा जितकी कडक, तितकी मोजणी चोख हवी. पाव किलो भाजी तोलताना काटा थोडा हलला तर चालते, सोने तोलताना चालत नाही.

आता थांबवण्याबद्दल. कलम १३० म्हणते की गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याने मागितला तर चालकाने परवाना दाखवलाच पाहिजे. म्हणजे परवाना तपासण्यासाठी गाडी थांबवणे कायदेशीर. पण श्वासाची चाचणी ही वेगळी गोष्ट, तिच्यासाठी वेगळे कलम आहे, २०३. हे कलम सांगते की गणवेशातला पोलीस चालकाला श्वासाचा नमुना द्यायला सांगू शकतो, पण केव्हा? या चालकाने कलम १८५ चा गुन्हा केला आहे असा संशय घ्यायला त्याच्याकडे वाजवी कारण असेल तेव्हा. कायद्यातले हे शब्द शोभेसाठी घातलेले नाहीत. आधी कारण, मग संशय, मग चाचणी. आपल्या नाक्यांवर हा क्रम उलटा झाला आहे. आधी नळी तोंडात, आकडा आला तर संशय, आणि आकडा आला नाही तर “जा, जा, गाडी काढ!”

तुम्ही म्हणाल, हा शब्दांचा कीस आहे. नाही. कायद्याने मागितलेला संशय यायला असा कितीसा वेळ लागतो? गाडी थांबवा, काच खाली घ्यायला सांगा, परवाना मागा, दोन शब्द बोला. तोंडाचा वास, जड झालेली जीभ, परवान्याऐवजी एटीएमचे कार्ड पुढे करणारा हात, सगळे दहा सेकंदांत कळते. त्याआधी गाडी नागमोडी येत होती का, दिवा न लावता येत होती का, उलट्या बाजूने घुसली का, हे तर लांबूनच दिसते. यातले काहीही पुरेसे कारण आहे. म्हणजे कायदा पोलिसांचे हात बांधत नाही. डोळे, कान आणि नाक वापरा, एवढेच सांगतो. तेवढेही कष्ट नकोत म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला ‘फुंक मार’ म्हणणे हा आळस आहे, आणि आळसाला कडकपणाचे नाव देऊन आपण त्याच्यावर टाळ्या वाजवतो आहोत.

आणि हे ‘प्रत्येकाला’ तरी खरे असते का? चोर्ला घाटातून उतरणाऱ्या बेळगावच्या माणसाला विचारा, पत्रादेवीहून येणाऱ्या सावंतवाडीच्या माणसाला विचारा. केए २२ किंवा एमएच ०७ नंबर दिसला की हात आडवा येतो, ही त्यांची जुनी तक्रार आहे. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली भाड्याची गाडी असेल तर विचारायलाच नको. आमची माणसे वर्षानुवर्षे या वाटांनी येतात. कुणाचे कुलदैवत इकडे, कुणाची लेक इकडे दिलेली. ती देवदर्शनाला आली काय आणि पार्टीला आली काय, नंबरपाटीवरून कुणाच्या पोटात किती गेली हे कळत नाही. नंबरपाटी हे संशयाचे वाजवी कारण होऊच शकत नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच.

या प्रश्नावर अमेरिकेतल्या न्यायालयांनी बराच खल केला आहे. तिथला कायदा आपल्याला लागू नाही हे मला ठाऊक आहे, पण प्रश्न तोच आहे म्हणून सांगतो. १९७९ साली डेलावेअर राज्याच्या एका खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की रस्त्यावरच्या पोलिसाने स्वतःच्या मर्जीने, कसलेही कारण नसताना, परवाना पाहण्यासाठी म्हणून एखादी गाडी थांबवणे घटनाबाह्य आहे. पुढे १९९० साली मिशिगनच्या खटल्यात त्याच न्यायालयाने दारूबंदोबस्ताचे नाके सहा विरुद्ध तीन मतांनी वैध ठरवले. वरवर पाहता दोन्ही निकाल एकमेकांविरुद्ध वाटतात, पण तसे नाही. दुसऱ्या खटल्यातल्या नाक्याला आधी ठरवून दिलेले नियम होते, आणि येणारी प्रत्येक गाडी थांबवली जात होती. कुणाला थांबवायचे हे रस्त्यावरच्या शिपायाच्या लहरीवर नव्हते. तरीही मिशिगन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली आपल्या राज्यघटनेखाली हेच नाके बाद केले. म्हणजे तिथेही एकमत नाही. पण मर्जी चालणार नाही, नियम हवा, एवढ्यावर तिथे वाद राहिलेला नाही.

मुख्य फरक पुढे आहे. अमेरिकेत थांबवणेच बेकायदा ठरले तर त्यातून मिळालेला पुरावा सहसा बाद होतो. वकील पहिला प्रश्न तोच विचारतो, की माझ्या अशिलाला थांबवले का? त्यामुळे पोलीस कारण लिहून ठेवतो, नाहीतर त्याचीच मेहनत पाण्यात जाते. आपल्याकडे तसे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३ च्या पूरणमल निकालापासूनचा आपला नियम असा की झडती बेकायदा असली तरी, घटनेने किंवा कायद्याने स्पष्ट मनाई नसेल तर, केवळ त्या कारणाने पुरावा फेकला जात नाही. याचा साधा अर्थ काय? बेकायदा थांबवल्याची किंमत पोलिसाला मोजावी लागत नाही. ज्याला विनाकारण थांबवले आणि ज्याच्या श्वासात काहीच सापडले नाही, तो तर न्यायालयापर्यंत जातच नाही. त्याचा अर्धा तास गेला, पोरांसमोर अपमान झाला, रात्रीची शेवटची बस चुकलेल्या म्हातारीला घरी सोडायचे राहिले. हे कुठल्याच नोंदीत येत नाही. मग “प्यायला नाहीस तर घाबरतोस कशाला” याचे उत्तर हेच की जो प्यायलेला नाही त्याच्या तक्रारीला या व्यवस्थेत जागाच ठेवलेली नाही.

बरे, एवढे करून खरा दारुडा तरी अडकतो का? थांबवण्याच्या मुद्द्यावर तो सुटत नाही, पण पुढच्या प्रत्येक पायरीवर सुटू शकतो, कारण जो पहिली पायरी नियमाने चढत नाही तो पुढच्याही चढत नाही. कलम २०३ सांगते की चाचणीचे यंत्र केंद्र सरकारने अधिसूचनेने मान्य केलेल्या प्रकारचे हवे. कलम २०२ सांगते की १८५ खाली पोलिसांसमोर गुन्हा करताना पकडलेल्या माणसाची दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाहीतर त्याला सोडावे लागते. आणि विज्ञान सांगते की हे यंत्र रक्त मोजत नाही, ते श्वास मोजून रक्तातल्या प्रमाणाचा हिशेब करते. नुकताच घोट घेतला असेल किंवा अल्कोहोल असलेल्या औषधी पाण्याने चूळ भरली असेल, तर तोंडात राहिलेल्या अंशाने आकडा फुगतो. म्हणून साधारण पंधरा मिनिटे थांबून पुन्हा चाचणी घ्यायची असते. यंत्राची वेळोवेळी तपासणी, प्रत्येकाला नवी नळी, छापील निकाल आणि त्यावर वेळ, हे सगळे त्यातच आले.

ही पथ्ये पाळली नाहीत तर काय होते, ते जुन्या निकालांत पाहायला मिळते. १९७१ साली बच्चुभाई करयानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की तोंडाला वास, अडखळती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून माणूस दारू प्यायला होता असे सिद्ध होत नाही. रक्ताची किंवा लघवीची तपासणी हवी होती. संशयाला वास पुरतो, शिक्षेला पुरत नाही, असा हा भेद आहे. आणि सलमान खान याचा खटला तर सगळ्यांच्या लक्षात आहे. सप्टेंबर २००२ मध्ये मुंबईत वांद्र्याला पदपथावर झोपलेल्या माणसांवर गाडी गेली, एकाचा जीव गेला, चौघे जखमी झाले. मे २०१५ मध्ये सत्र न्यायालयाने त्याला दोषी ठरवले, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. गाडी तोच चालवत होता आणि तो दारूच्या अमलाखाली होता, हे संशयापलीकडे सिद्ध झाले नाही असे न्यायालय म्हणाले. रक्ताच्या नमुन्याची हाताळणी त्या न्यायालयाला विश्वासार्ह वाटली नाही. लोकांनी न्यायालयाला शिव्या दिल्या. मला विचाराल तर शिव्यांचा पत्ता चुकला. ढिसाळ तपासाचा फायदा नेहमी ज्याच्याकडे चांगला वकील असतो त्याला मिळतो.

स्कूटरवरच्या पोदेराला किंवा रात्रपाळीहून परतणाऱ्या वेटरला वकील परवडत नाही. यंत्राची तपासणी कधी झाली होती हे तो विचारणार नाही. तो गुन्हा कबूल करून मोकळा होतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे जागच्या जागी ‘मिटवून’ टाकतो. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. परवाना घरी विसरला, हेल्मेट नव्हते, अशा काही गुन्ह्यांत कलम २०० खाली जागेवर तडजोडीचा दंड भरता येतो, त्याचा तालांव मिळतो. कलम १८५ त्या यादीत नाही. दारूच्या गुन्ह्यात दंड ठरवायचा तो न्यायदंडाधिकाऱ्याने. म्हणून नाक्यावर या गुन्ह्यासाठी कुणी पैसे मागितले तर ती लाच असते, दुसरे काही नाही. मग ते दोनशे असोत की दोन हजार. आणि ज्या नाक्यावर थांबवण्याचे कारण कुठेच लिहिले जात नाही, तिथे किती जणांना थांबवले आणि किती जणांना ‘समजून घेऊन’ सोडले याचाही पत्ता लागत नाही. जाळ्यात तारल्या राहतात आणि मोरी जाळे फाडून जाते.

गाडी जप्त करण्याचेही तेच. कागद पाहण्यासाठी चावी काढून घ्यायची काहीच गरज नसते, तरी पहिला हात चावीला जातो. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेलंगणा उच्च न्यायालयाने हैदराबादच्या पोलिसांची कार्यपद्धती तपासून स्पष्ट केले की केवळ चालक प्यायलेला आहे म्हणून गाडी अडकवून ठेवता येत नाही. सोबत न प्यायलेला, परवाना असलेला माणूस असेल तर गाडी त्याच्या ताब्यात द्यावी. कुणीच नसेल तर नातेवाइकाला बोलवावे. तेही शक्य नसेल तर गाडी तात्पुरती ठेवून घ्यावी आणि मालकाला परत करावी. प्यायलेल्याने गाडी चालवू नये हा हेतू यात पुरेपूर साधतो. हैदराबादला जे जमते ते म्हापशाला आणि मडगावला न जमण्याचे कारण मला दिसत नाही.

आता समोरच्या बाजूचा खरा मुद्दा घेतो, कारण तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्याने डिसेंबर १९८२ पासून कुठल्याही चालकाची, संशय नसतानाही, श्वासचाचणी घेणे सुरू केले. त्यानंतर दारूमुळे होणारे प्राणघातक अपघात तिथे खूप कमी झाले, हे मान्य केलेच पाहिजे. आज नाही तर उद्या आपण सापडणार, ही भीतीच माणसाला किल्ली खिशात ठेवायला लावते. मग आपणही तेच का करू नये?

करा की! पण जसे त्यांनी केले तसे करा. त्यांनी आधी कायदा बदलला. संशयाची अट विधिमंडळात उघड चर्चा करून काढली आणि पोलिसांना तसा अधिकार दिला. आपल्या संसदेने २०१९ मध्ये हाच कायदा उघडला, दंड दोन हजारांवरून दहा हजारांवर नेला, पण कलम २०३ मधली संशयाची अट तशीच ठेवली. म्हणजे ती अट आजही कायदा आहे. ती गैरसोयीची वाटत असेल तर संसदेत जाऊन बदला. रस्त्यावर उभे राहून पुसून टाकण्याचा अधिकार कुणाला नाही. लोकांनी कायदा पाळावा म्हणून पोलिसांनी तो मोडायचा, हे कसले शहाणपण?

एक इशारा मात्र माझ्या बाजूने बोलणाऱ्यांनाही द्यायला हवा. हे सगळे वाचून कुणी नाक्यावर हुज्जत घालत “मी फुंकणार नाही” म्हणून उभा राहील, तर त्याने तसे करू नये. वाजवी संशय असताना चाचणी नाकारली तर कलम २०३ खालीच वॉरंटशिवाय अटक होऊ शकते, आणि सबळ कारण नसताना दिलेला नकार कलम २०५ प्रमाणे तुमच्याविरुद्ध वापरला जातो. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडले, ही ओरडही चालणार नाही. बोटांचे ठसे, हस्ताक्षराचे नमुने देणे म्हणजे साक्ष देणे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ सालीच काथी कालू ओघड खटल्यात सांगितले आहे, आणि श्वासाची गोष्ट त्याहून फार वेगळी धरली जाईल असे समजू नका. चाचणी द्या. पण शांतपणे विचारा, मला का थांबवले? चाचणी कशावरून घेत आहात? निकालाची छापील प्रत द्या. वेळ लिहून ठेवा, गणवेशावरचे नाव लिहून ठेवा. लढाई न्यायालयात करायची, रस्त्यावर नाही.

सरकारकडे मागण्या फार नाहीत. नाका कुठे आणि किती वेळ लागेल हे वरिष्ठ अधिकाऱ्याने लेखी ठरवावे. एकतर प्रत्येक गाडी थांबवावी, नाहीतर ठरलेल्या क्रमाने दर पाचवी, दर दहावी. नंबरपाटी पाहून नव्हे. ज्याची श्वासचाचणी घेतली त्याच्या नोंदीत संशयाचे कारण एका ओळीत लिहावे, आणि आकडा शून्य आला तरी ती नोंद राहावी. पोलिसांच्या अंगावरचे कॅमेरे चालू असावेत. आणि नाके दुपारी पुलाच्या तोंडाशी कमी, पहाटे दोन वाजता किनाऱ्यावरच्या क्लबांच्या बाहेर जास्त असावेत. यातल्या कुठल्याही गोष्टीने एकही दारुडा सुटत नाही. उलट ती एका ओळीची नोंद न्यायालयात पोलिसाच्याच कामी येते.

मेनका गांधी खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की माणसाचे स्वातंत्र्य हिरावून घेणारी पद्धत न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे, मनमानी नाही. हे तत्त्व तुरुंगाच्या दारापाशी सुरू होत नाही. ते भर पावसात पुलावर अडवलेल्या स्कूटरपाशी सुरू होते. तेव्हा पुढच्या वेळी कुणी म्हणाले, “प्यायला नाहीस तर घाबरतोस कशाला?”, तर त्याला एवढेच विचारा, “पोलिसाकडे कारण आहे, तर लिहायला तो घाबरतो कशाला?”